आईला झोपेसाठी क्लोनाझेपाम चालू आहे, आता हाडाच्या डॉक्टरांनी ट्रामाडोल दिलंय. किती तासांचं अंतर ठेवून दोन्ही देऊ?

अंतर ठेवून काही साधत नाही. क्लोनाझेपामचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ४० तास लागतात. रोज रात्री गोळी घेणाऱ्या बाईच्या अंगात ती सकाळीही असते आणि दुपारीही. ट्रामाडोल कधीही द्या, दोन्हींची गाठ पडणारच.

मिरजेत आमचं मेडिकल आहे. इथे दवाखाने ढिगाने, पेशंट पार कर्नाटकातून येतात. एकाच पिशवीत तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या हा प्रकार मला रोजचा. पण तोच घरात घडला तेव्हा मोठ्या दिरांनी मला ऐकवलं, "तुझं काम स्ट्रिपा कापून द्यायचं, डॉक्टरकी करायचं नाही."

सासूबाईंना जुनी शुगर. फिजिशियननी कधीकाळी क्लोनाझेपाम ०.५ लिहिली होती, ती चालूच राहिली. पाय जळजळतात म्हणून मेंदूच्या डॉक्टरांनी रात्री प्रीगाबालिन ७५ दिली. मग त्या पुण्याला भाऊजींकडे राहायला गेल्या, बाथरूममध्ये घसरल्या, आणि तिथल्या हाडाच्या डॉक्टरांनी ट्रामाडोल-पॅरासिटामॉल लिहिली. तिघांपैकी कोणीही चुकीचं औषध दिलं नव्हतं. पण दुसऱ्याची चिठ्ठी एकानेही पाहिली नव्हती, कारण कोणी दाखवलीच नव्हती. भाऊजींचं म्हणणं, हाडाच्या डॉक्टरला झोपेच्या गोळीचं काय सांगायचं?

आम्ही भेटायला गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि सासूबाई बसल्या जागी पेंगत होत्या. बोलताना जीभ जड. जाऊबाई म्हणाल्या, दुखणं थांबलंय म्हणून छान झोप लागते. मी जवळ बसून ऐकलं, तर घोरणं मध्येच थांबायचं आणि मग एकदम दचकून श्वास घेतल्यासारखं व्हायचं. औषधांची पिशवी मागितली, तीन स्ट्रिपा पलंगावर ओळीने मांडल्या आणि भाऊजींना म्हटलं, तिन्ही गुंगीच्या आहेत. त्यावर उत्तर आलं, "तीन एमडी चुकले आणि तू एकटी बरोबर?" ह्यांनीही, खरं सांगायचं तर, मान खाली घातली.

मी त्यांच्याशी वाद न घालता आमच्या फिजिशियनना फोन लावला आणि तिन्ही नावं डोससकट वाचून दाखवली. त्यांनी पुढची ट्रामाडोल देऊ नका म्हणून सांगितलं आणि लगेच दवाखान्यात न्यायला लावलं. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे किडनी मंद झाली होती. प्रीगाबालिन जवळजवळ सगळी किडनीवाटे बाहेर पडते, त्यामुळे किडनी मंद झाली की तोच डोस अंगाला जास्त होतो. तो कमी केला. क्लोनाझेपाम मात्र त्यांनी हळूहळू, काही आठवडे घेऊन उतरवली. सासूबाई पुन्हा स्वतःचा चहा स्वतः करायला लागल्या. भाऊजी अजूनही म्हणतात, तो अशक्तपणा होता, टॉनिकने गेला.

आता तुमच्या प्रश्नाचं वैद्यकीय अंग. या दोन गोळ्यांची नुसती गुंगी वाढत नाही, श्वासही मंदावतो. ट्रामाडोल ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक; क्लोनाझेपाम बेंझोडायझेपिन, म्हणजे मेंदू शांत करणाऱ्या झोपेच्या गोळ्यांच्या वर्गातली. हे दोन वर्ग एकत्र देण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१६ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला, म्हणजे सगळ्यांत कडक इशारा छापायला लावला. २०१९ मध्ये प्रीगाबालिन आणि तिच्याच जातीच्या गाबापेंटिनबद्दलही श्वासाचा इशारा दिला, विशेषतः वयस्कर माणसं आणि फुप्फुसं कमकुवत असलेले रुग्ण यांच्यासाठी. आपल्याकडेही ट्रामाडोल २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. शिवाय ती एच-१ मध्ये, म्हणजे ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्या औषधांच्या यादीत येते. दुकानदाराला रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या हे लिहावं लागतं आणि तीन वर्षं जपावं लागतं. ते रजिस्टर मी हौसेने लिहीत नाही. म्हणून सगळी औषधं एकाच मेडिकलमधून घ्या. दहा टक्के सवलतीसाठी एक स्ट्रिप इथून आणि एक तिथून घेतली, तर दोन्ही गोळ्या एकत्र बघणारं कोणीच उरत नाही. आमच्या भाऊजींनी नेमकं हेच केलं होतं.

तुम्ही आज ट्रामाडोल सुरू करण्याआधीच हाडाच्या डॉक्टरांना फोन करून सांगा, "आईला क्लोनाझेपाम चालू आहे." बहुतेक ते दुखण्यासाठी दुसरं काही देतील. काही वेळा डॉक्टर विचार करून, डोस उतरवून अशा दोन गोळ्या एकत्र देतातही, तेव्हा माझं वाचून त्यांच्याशी भांडू नका. आणि घाबरून क्लोनाझेपाम एकदम बंद करू नका, जुन्या पेशंटला त्याने फिट येऊ शकते. एखादी गोळी आधीच दिली असेल तर आईला एकटीला झोपवू नका. हलवून जागी होत नसेल, श्वास अडखळत असेल किंवा ओठ निळसर दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ लावा आणि स्ट्रिपा सोबत न्या, रिकाम्यासुद्धा.