ट्यूब अ‍ॅम्पचं हमिंग आणि लाल पडलेली प्लेट

गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्पबद्दल, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर (ट्यूबांवर) चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल, आलेल्या निम्म्या पत्रांत या वेळीही एकच गोंधळ आहे: ट्यूब किती तापली म्हणजे जास्त, आणि घूंऽऽ असा आवाज (हमिंग) येतो म्हणजे ट्यूब गेली का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एका ठिकाणी जुळतात, ते खाली येईलच.

ट्यूबच्या मधोमध केशरी उजेड दिसतो. जळतेय का?

नाही. तो हीटर आहे, तो पेटलेलाच हवा.

काचेवर निळी झाक दिसते.

काचेलगत असेल तर चालू द्या. पण आतला चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरली आहे. ती ट्यूब संपली.

अ‍ॅम्प सुरू केला की हमिंग येतं. दुकानदार म्हणतो, सगळ्या ट्यूबा बदला.

न तपासता सगळा संच विकणं ही दुरुस्ती नव्हे. आधी गिटारची केबल अ‍ॅम्पमधून काढा. आवाज गेला तर दोष गिटार, केबल किंवा खोलीतल्या डिमरचा. राहिला तर व्हॉल्यूम फिरवा. त्याबरोबर हमिंग वाढत असेल तर प्रीअ‍ॅम्पकडे, म्हणजे सिग्नल आधी वाढवणाऱ्या छोट्या ट्यूबांकडे बघा; त्यांतली पहिली, १२एएक्स७, बदलून पाहण्यात काही बिघडत नाही. व्हॉल्यूम शून्यावरही तसंच असेल तर दोष बहुधा पॉवर सप्लायमध्ये किंवा स्पीकर चालवणाऱ्या मोठ्या पॉवर ट्यूबांत.

आता कान लावा. जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी सूर ९८ हर्ट्झचा असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर उरलेलं रिपल, म्हणजे व्होल्टेजची थरथर, १०० हर्ट्झचं. हमिंग त्या जीशी जवळपास जुळलं, तर ही थरथर शमवणारे फिल्टर कंडेन्सर सुकलेत किंवा पॉवर ट्यूबांची जोडी असमान झाली आहे. सप्तकभर खाली असेल तर हीटरचं वायरिंग किंवा अर्थिंग बघायला हवं. पंधरा-वीस वर्षं जुने कंडेन्सर तसेही बदलायला आलेले असतात. टेक्निशियनला हे सगळं सांगा, त्याचा तासभर वाचेल.

अर्थची पिन काढली की हमिंग जातं, असं ऐकलं. काढू का?

मुळीच नाही. आत काही सुटून चासीला लागलं, तर तुमच्या तारा आणि समोरचा माइक यांच्यामध्ये तुमचे ओठ असतात. दोन अ‍ॅम्प जोडल्यावरच हमिंग येत असेल, तर सिग्नलच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा बॉक्स लावा. घरात अर्थिंग आहे की नुसतं तीन भोकांचं सॉकेट आहे, ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

एका ईएल३४ पॉवर ट्यूबची प्लेट लाल होते. सारखा करंट घेणारी (मॅच्ड) जोडी घातली, वीस मिनिटांत पुन्हा लाल. शनिवारचा शो काढता येईल का?

नाही. ट्यूब गरमच असते, म्हणून चालवत राहायचं, हा समज सर्वांत महाग पडतो. करड्या प्लेटवर, म्हणजे हीटरभोवतीच्या धातूच्या आवरणावर, लाल ठिपका दिसला की स्टँडबायवर टाका आणि अ‍ॅम्प बंद करा. आणखी चार गाणी म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर जुगार.

कारण समजून घ्या. ईएल३४ ची प्लेट २५ वॅट सोसते. फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये, काही वाजत नसताना, तिला साधारण ७० टक्के, म्हणजे १७.५ वॅटच द्यायचे. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर ३९ मिलिअँपिअर. करंटला आवर घालते बायस, म्हणजे ग्रिडवर (प्लेटच्या आतल्या जाळीवर) दिलेलं ऋण व्होल्टेज. ती गळाली की करंट सुटतो आणि प्लेट लाल होते. बायस गळण्याची नेहमीची ठिकाणं म्हणजे ग्रिडकडे सिग्नल नेणारा पण लीक झालेला कपलिंग कंडेन्सर, आतून तुटलेला ग्रिडचा रेझिस्टन्स, सैल किंवा काजळलेलं सॉकेट, बायस जुळवायच्या पॉटचा (फिरत्या रेझिस्टन्सचा) तुटका संपर्क, आणि बायस सप्लायचा सुकलेला छोटा कंडेन्सर. हा सुकलेला कंडेन्सर बायसचं व्होल्टेज उतरवतो आणि रिपलही आत सोडतो. म्हणून हमिंग आणि लाली एकदम आली, की आधी तोच बघायला सांगा.

तुम्ही एवढंच करा: अ‍ॅम्प बंद करून गार होऊ द्या, दोन्ही ट्यूबांची अदलाबदल करा आणि सुरू करून मिनिटभर बघा. लाली ट्यूबबरोबर सरकली तर ट्यूब खराब. त्याच सॉकेटवर राहिली तर दोष अ‍ॅम्पमध्ये, आणि कितीही मॅच्ड जोड्या आणल्या तरी त्या जळणारच. तुमच्याकडे नवी जोडीही लाल झाली, म्हणजे बहुधा हेच. पुढची मोजमापं ट्यूब अ‍ॅम्प जाणणाऱ्याकडून करून घ्या. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट उरू शकतात. फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचाच घाला. त्याभोवती चांदीचा कागद गुंडाळायचा नाही.

अमेरिकेतून १२० व्होल्टचा ५० वॅटचा अ‍ॅम्प आणला. कोणता कन्व्हर्टर?

इलेक्ट्रॉनिक नको. लोखंडी गाभ्याचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, निदान ३०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा), अर्थची पिन पुढे नेणारा. अ‍ॅम्पवर ५०/६० हर्ट्झ लिहिलंय का बघा; नुसतं ६० असेल तर त्याचा ट्रान्सफॉर्मर इथे जास्त तापेल. तसं असेल तर आधी टेक्निशियनला विचारून घ्या.

इन्व्हर्टरवर भुणभुण येते.

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल. त्यावर वाजवू नका.

अ‍ॅम्पच्या मागे टेबल फॅन लावला तर?

निरोगी अ‍ॅम्पला चालेल. मागची बाजू भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. लाल प्लेटला त्याचा उपयोग नाही. ट्यूबमध्ये निर्वात असतो, प्लेटची उष्णता किरणांनीच बाहेर पडते. पंख्याने गार होईल ती काच.