सर्व्हर ५०० देतो, तरी कॅच गप्प का?

प्रश्न : जावास्क्रिप्टच्या फेचने (सर्व्हरकडून माहिती मागवणारं फंक्शन) यादी मागवतो. सर्व्हर ५०० (सर्व्हरमधल्या बिघाडाचा स्टेटस) देतो तेव्हा फेचचा कॅच (एरर पकडणारा भाग) चालत नाही. पुढे जेसन (माहिती पाठवायचा मजकुरी साचा) वाचताना मात्र ‘अनपेक्षित टोकन <’ असा एरर येतो. चूक कुठे आहे?

उत्तर : फेचच्या दृष्टीने ४०४ (पान सापडलं नाही) किंवा ५०० हेही उत्तरच. नेटवर्क तुटलं किंवा कॉर्सने (दुसऱ्या साइटची माहिती वाचण्यावरच्या ब्राउझरच्या नियमाने) अडवलं, तर प्रॉमिस (फेच देतं ते, पुढे येणाऱ्या उत्तराचं वचन) रिजेक्ट होतं आणि कॅच चालतो. स्टेटस वाईट आला म्हणून नाही. त्यामुळे उत्तर हाती येताच त्याचं ‘ओके’ तपासा. स्टेटस २०० ते २९९ असेल तरच ते ट्रू असतं. नसेल तर स्टेटसचा आकडा घालून स्वतः एरर थ्रो करा.

तो ‘<’ फार बोलका आहे. जेसनऐवजी एचटीएमएल पान आलंय, त्याचं ते पहिलं अक्षर. एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये ती रिक्वेस्ट उघडा आणि रिस्पॉन्स वाचा. बहुतेक वेळा तिथेच सर्व्हरची खरी तक्रार सापडते.

एक फसवा प्रकार : सेशन संपलं की सर्व्हर लॉगिनच्या पानाकडे वळवतो, फेच मुकाट्याने तिकडे जातं आणि स्टेटस २०० दिसतो. म्हणून कंटेंट-टाइपही (उत्तर कुठल्या प्रकारचं आहे ते सांगणारा हेडर) बघाच.

कॉर्सचा एरर टाळायला फेचला ‘नो-कॉर्स’ मोड लावू नका. एरर जातो, पण उत्तरातला मजकूर वाचताच येत नाही.