रात्री दहाला निघू, की पहाटे पाचला?

प्रश्न : ताई, आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली. दोघांच्या सुट्ट्या पहिल्यांदाच नीट जुळून आल्यात आणि आम्ही दोघांनीही कधी न पाहिलेल्या ठिकाणी स्वतःच्या गाडीने जायचं ठरवलंय. अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर, शेवटचा टप्पा घाटाचा. नवरा म्हणतो, कामावरून आल्यावर जेवून रात्री दहाला निघू, रस्ते मोकळे मिळतील आणि सुट्टीचा एक दिवस वाचेल. मला गाडी चालवता येते, पण लांब कधी नेलेली नाही. आणि मी चालवायला बसले की तो शेजारून सारखा सूचना करतो. घाटात मला मळमळतं, म्हणून मी बहुतेक वेळ डोळे मिटूनच असते. या प्रवासाची मला फार हौस आहे, पण धाकधूकही वाटते. काय करावं?

उत्तर : रात्री दहाला निघू नका. बाकीचं सगळं सांगते, पण हे आधी, कारण यात तडजोड नाही.

तुमचा नवरा सकाळी सहा-सातला उठून दिवसभर काम करून आलेला असणार. रात्री अकरा-बाराच्या सुमारास त्याला जागून सतरा तास होतील. इतका वेळ जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली चाचण्या घेऊन दाखवलं. अनेक देशांत एवढ्या अल्कोहोलवर गाडी चालवणं गुन्हा आहे. आणि तेव्हा तर तुमचा प्रवास नुकता सुरू झालेला असेल. पुढे रात्री दोन ते पाचची वेळ येते. या तासांत शरीर झोप मागतंच, मग आदल्या दिवशी कितीही आराम केलेला असो. मोकळा रस्ता तेव्हा मदत करत नाही. करायला काही उरत नाही, म्हणून डोळा लवकर लागतो. ताशी ९० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. चार सेकंद डुलकी लागली, की शंभर मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं यांनी घडीभर बरं वाटतं, झोप हटत नाही.

सुट्टीचा दिवसही वाचत नाही. सकाळी पोचाल, खोली दुपारशिवाय मिळणार नाही, आणि मिळाल्यावर संध्याकाळपर्यंत दोघंही झोपाल.

त्यापेक्षा रात्री पोटभर झोपा आणि पहाटे पाच-साडेपाचला निघा. साडेसहाशे किलोमीटर एका दिवसात ओढू नका. पहिल्या दिवशी चारशेच्या आसपास जाऊन मुक्काम करा, उरलेलं अंतर आणि घाट दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या डोळ्यांनी. अनोळखी ठिकाणी उजेडात पोचायचं, हा माझा नियम आहे आणि मी तो कुणासाठी मोडत नाही. मोबाइलचा नकाशा जो वेळ दाखवतो त्यात तुमचे थांबे धरलेले नसतात. मी त्यात निदान पाव भाग वाढवून धरते. उशीर झालाच तर वेग वाढवून तो भरून निघत नाही. चारशे किलोमीटर ताशी ८०ऐवजी ९०च्या सरासरीने गेलात, तरी जेमतेम अर्धा तास वाचतो.

आता तुमच्या हातातल्या स्टीअरिंगबद्दल. तुम्हाला गाडी येते आणि तुम्ही सगळी वाट डोळे मिटून बसणार, हे मला अजिबात पटत नाही. निघायच्या आधी सुट्टीच्या दिवशी पन्नास-साठ किलोमीटर महामार्गावर चालवून या, शक्यतो दोन-तीनदा. प्रवासात पहाटेची पहिली पाळी तुम्ही घ्या. उजाडता उजाडता वाहनं कमी असतात, रस्ता सरळ असतो, हात बसतो. दर दोन तासांनी थांबून अदलाबदल करा. बदलताना घाई नको : आधी सीट पुढे-मागे करून क्लच पूर्ण दाबला जातोय ना ते बघा, मग पाठ टेकवा, मग आतला आरसा आणि बाहेरचे दोन्ही. नवरा उंच असेल तर त्याने लावलेल्या आरशात तुम्हाला मागचा रस्ता नव्हे, गाडीचं छत दिसेल.

सूचनांचं घरीच ठरवून घ्या. शेजारच्याने दोनच गोष्टींवर बोलायचं : पुढचं वळण आणि खरोखरचा धोका. गिअर कधी टाकायचा, ट्रकला कुठून ओलांडायचं, हे चालवणाऱ्याचं काम. त्याला शेजारी बसून करण्यासारखं पुष्कळ आहे. नकाशा त्याच्याकडे, दोघांचे फोन त्याच्याकडे, आणि चालवणाऱ्यावर नजरही त्याचीच. जांभया वाढल्या, वेग विनाकारण कमी-जास्त व्हायला लागला, गाडी पांढऱ्या पट्ट्याकडे सरकायला लागली, सांगितलेलं वळण हुकलं, की झोप आलीच समजा. अशा वेळी ‘झोप येतेय का?’ असं विचारू नका. उत्तर ‘नाही’ असंच येतं. ‘पुढे जागा दिसली की थांब,’ एवढंच म्हणा. सुरक्षित जागी गाडी लावून कॉफी प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं झोपा. कॉफीचा असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणून जाग येईपर्यंत दोन्हींचा फायदा मिळतो. दुपारी दोन ते चार ही दुसरी जड वेळ, तेव्हा हे मुद्दाम लक्षात ठेवा.

मळमळीचं कारण कळलं तर उपाय सोपा आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण वळतोय, डोळे मात्र मांडीवरचा मोबाइल बघत असतात. मेंदूला दोन वेगळे निरोप मिळतात. म्हणून पुढच्या सीटवर बसा, लांबवर रस्त्याकडे बघा, घाटात नकाशा बघायचं काम तुम्ही घेऊ नका. चालवणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही, कारण वळण येण्याआधीच त्याला ते ठाऊक असतं. तेव्हा हात बसल्यावर, एखाद्या पुढच्या सहलीत, घाट तुम्हीच चालवून बघा. मला खात्री आहे, आवडेल. मळमळीची गोळी घेतलीत तर मात्र त्या दिवशी चालवू नका, त्यातल्या बहुतेक गोळ्यांनी गुंगी येते. आणि उतरताना कुणीही चालवो, खालच्या गिअरमध्येच उतरा. सतत ब्रेक दाबून ते तापले की लागेनासे होतात.

गाडीचं थोडक्यात. टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, आणि भरल्या गाडीसाठी वेगळा दिलेला असेल तर तो धरा. स्टेपनीतही हवा बघा. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा : नेटवर्क गेलं तरी जीपीएस उपग्रहावरून चालतं, अडतं ते नकाशाच्या चित्रापाशी.

नवऱ्याशी हे बोलणं निघायच्या संध्याकाळी नको. बॅगा भरलेल्या असताना कुणी बेत बदलत नाही. आठ दिवस आधी, वाटेतला मुक्काम दोघं मिळून शोधायला बसा, तिथेच विषय काढा.

प्रश्न : आम्ही दोघं साठीच्या पुढचे. मुलं म्हणतात विमानाने जा, पण आम्हाला गाडीनेच डोंगरात, साडेतीन हजार मीटर उंचीवर जायचंय. दोघंही गाडी चालवतो. यांना रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. जावं का?

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं तर जरूर जा, आणि गाडीनेच जाताय ते चांगलं आहे, फक्त सावकाश जा. गाडी एका दिवसात हवं तितकं चढते. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला दिवस लागतात. साधारण अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं असा त्रास सुरू होऊ शकतो आणि तो पोचल्या पोचल्या नाही, काही तासांनी जाणवतो. म्हणून वाटेत दोन-अडीच हजार मीटरवर एक-दोन रात्री काढा. तीन हजारांच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नको. दिवसा खिंड ओलांडून खाली उतरलात तर चालतं, रात्र कुठे काढता ते महत्त्वाचं.

डोकं दुखायला लागलं तर आणखी वर जाऊ नका. चालताना झोक जायला लागला, गोंधळल्यासारखं झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायला लागा. ज्याला त्रास होतोय त्याने चालवायचं नाही, आणि इथेच तुम्ही दोघंही चालवता याचा उपयोग आहे. दोघांनाही त्रास झाला तर स्थानिक चालक बोलवा. मुक्कामाच्या ठिकाणी पोचल्यावर पहिल्यांदा तेवढी चौकशी करून ठेवा. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मागच्या डिकीत नको.