पसाऱ्याने भरलेले घर आणि सात दिवसांची मुदत

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर त्यांचे घर माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर आले आहे. वडिलांना कोणतीही वस्तू टाकवत नसे. हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना खांदा तिरका करावा लागतो, आणि मागच्या खोलीचे दार आतल्या सामानामुळे कित्येक वर्षांत पुरते उघडलेले नाही. एक खरेदीदार कर्ज न काढता हे घर सामानासकट, आहे त्या स्थितीत घ्यायला तयार आहे. शेजारचे तेवढेच पण नीट राखलेले घर ज्या किमतीला विकले गेले, तिच्या ४१ टक्के रक्कम तो देतो आणि सात दिवसांत उत्तर मागतो. घर रिकामे करून देण्याचे एका कंत्राटदाराने त्याच किमतीच्या ५ टक्के सांगितले आहेत. पैशाची निकड दोघांनाही नाही. भावाला मात्र हे प्रकरण लवकर मिटायला हवे आहे. आम्ही होकार द्यावा का?

उत्तर : या सात दिवसांत देऊ नये, असे माझे मत आहे. हा व्यवहार मुळातच वाईट आहे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण काही घरांच्या बाबतीत तो सर्वांत शहाणपणाचा ठरतो. तुमचे घर त्यांपैकी आहे की नाही, हे आज तुम्हाला माहीत नाही आणि खरेदीदारालाही माहीत नाही. फरक एवढाच, की त्या न कळण्याची किंमत त्याने तुमच्या रकमेतून आधीच कापून घेतली आहे.

ती कशी कापली, हे पाहणे अवघड नाही. घरे दुरुस्त करून पुन्हा विकणारे लोक अमेरिकेत ज्याला ७० टक्क्यांचा नियम म्हणतात, तशा ढोबळ हिशेबाने चालतात : दुरुस्तीनंतर घर जितक्याला जाईल त्याचे ७० टक्के धरायचे आणि त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, उरलेल्या ३० टक्क्यांत त्यांचे व्याज, कर, विक्रीचा खर्च आणि नफा बसतो. शेजारच्या घराची किंमत १०० धरली, तर तुमच्या खरेदीदाराने ७० मधून २९ वजा करून ४१ हा आकडा काढला असावा. त्या २९ पैकी ५ घर रिकामे करण्याचे मानले, तरी उरलेले २४ हे अशा दुरुस्तीचे आहेत जी कोणी पाहिलेली नाही. ज्या खोलीचे दार उघडत नाही, तिची जमीन कुजलेली आहे असेच तो धरणार, आणि त्याच्या जागी मीही तेच धरले असते.

आता तुम्ही स्वतः घर रिकामे केलेत तर काय होते ते पाहू. रिकामे करण्याचे ५ आणि तीन महिन्यांचा कर, विमा, वीज व देखरेख यांचा १, असे ६ तुमच्या खिशातून जातील. त्यानंतर दुरुस्ती १४ ची निघाली, तर याच नियमाने चालणारा खरेदीदार ५६ देईल आणि तुमच्या हाती ५० राहतील, म्हणजे आजच्यापेक्षा ९ जास्त. दुरुस्ती ३० ची निघाली, तर तो ४० देईल आणि तुमच्याकडे ३४ उरतील, म्हणजे ७ चे नुकसान. बरोबरी २३ वर होते. तुमचा सगळा प्रश्न या एका आकड्यापाशी येऊन थांबतो : दुरुस्ती २३ च्या आत आहे की बाहेर?

या गणितात मी गिऱ्हाईक मुद्दाम तेच ठेवले आहे. प्रत्यक्षात घराची जमीन आणि भिंती दिसू लागल्या, की स्वतः राहण्यासाठी कर्ज काढून घर घेणारी माणसेही येऊ शकतात. ज्या घरात मूल्यांकनकाराला धड आत जाता येत नाही, त्यावर कर्ज मिळणे कठीण असते. म्हणूनच आज तुमच्या दाराशी केवळ रोख खरेदीदार उभा आहे. राहण्यासाठी घेणाऱ्याला त्यातून ३० टक्के सुटायला हवेत असे नसते. (रोख म्हणजे येथे कर्जाशिवाय, बँकेमार्फत दिलेले पैसे. कोणी नोटा देऊ करत असेल, तर बोलणे तिथेच थांबवावे.)

सगळे घर रिकामे करण्यापूर्वी एक कमी खर्चाची पायरी मी सुचवीन. दोन माणसे लावून भिंतींच्या कडेने वाट मोकळी करून घ्या, मागचे दार उघडेल एवढी जागा करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी करून घ्या. मोरी, सिंकखालचा भाग, छताचे कोपरे आणि विजेचा बोर्ड त्यांना आवर्जून दाखवा. घराला वरचा मजला असेल तर आधी तिथले वजन पाहायला सांगा : राहत्या घराचा मजला साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरून बांधलेला असतो, आणि छातीइतकी उंच रचलेली रद्दी तेवढ्याच जागेत याच्या दुपटीहून अधिक भरते. आपण ज्याला पसारा समजतो, तो पुष्कळदा घराच्या हाडांवरचा भार असतो. आग, उंदीर आणि बुरशी यांचा धोका वेगळाच, त्यामुळे मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय कोणीही आत जाऊ नये.

रिकामे करण्याचे दर किमान तिघांकडून घ्या. साठवणीच्या विकाराचे (होर्डिंग डिसऑर्डर, म्हणजे कोणतीही वस्तू टाकवत नसणे) अभ्यासक स्वयंपाकघर, झोपण्याची खोली आणि बैठकीची खोली यांच्या, वाढत जाणारा पसारा दाखवणाऱ्या प्रत्येकी नऊ चित्रांची एक मोजपट्टी वापरतात. तिच्याशी ताडून खोलीगणिक जुळणाऱ्या चित्राचा क्रमांक आणि फोटो पाठवलेत, तर तिघांचे दर एकाच कामाचे येतील. ओघात आणखी एक सांगतो. हा विकार २०१३ पासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. वडिलांच्या घराची लाज वाटून घाईने सही करणारे वारस मी पाहिले आहेत, आणि ती लाज त्यांना महागात पडलेलीही पाहिली आहे.

सामानासकट विकण्यातला दुसरा तोटा त्या ४१ मध्ये दिसत नाही. माझ्या एका अशिलांच्या घरी जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात, वीजबिलांच्या मधोमध घडी घातलेली मुदत ठेवीची पावती निघाली होती; ती ठेव घरात कोणालाही ठाऊक नव्हती. ज्याला काहीच टाकवत नाही, त्याने महत्त्वाचा कागदही टाकलेला नसतो. तो केवळ भलत्या जागी असतो. म्हणून घर कोणालाही विका, पण कपाटे, डबे, कपड्यांचे खिसे आणि कागदांचे गठ्ठे घरच्या माणसाने चाळल्याखेरीज सामानाचा ताबा देऊ नका. कंत्राटदारालाही पहिले काही दिवस नुसती वर्गवारी करायला सांगा.

पाहणीत खर्च २३ च्या वर जाताना दिसला, पाणी मुरणे थांबवता येत नसेल किंवा स्थानिक प्रशासनाची नोटीस आली असेल, तर आहे त्या स्थितीत विका, आणि मनात रुखरुख ठेवू नका. मात्र तेव्हाही निदान तीन खरेदीदारांकडून लेखी आकडे घ्या. खरेदीदाराकडे खरोखर पैसे असल्याचे बँकेचे पत्र मागा. करार दुसऱ्याच्या नावे फिरवण्याची मुभा त्यात आहे का, हेही वकिलाकडून तपासा. कारण असे काही खरेदीदार प्रत्यक्षात मध्यस्थ असतात आणि तुमचा करारच पुढे विकतात. तितकेच लक्ष पाहणीच्या मुदतीवर ठेवा. आधी चांगला आकडा सांगून, इसार दिल्यानंतर 'आतून फारच वाईट निघाले' म्हणत किंमत पाडणे ही जुनी युक्ती आहे, आणि पसाऱ्याच्या घरात ती फार सोपी जाते. 'आहे त्या स्थितीत' एवढे शब्द लिहिले म्हणजे माहीत असलेले दोष लपवता येतात, असेही समजू नये. पाहणीत जे कळेल ते करारात लिहा. घर बंद असल्याचे विमा कंपनीला आजच कळवा, कारण अनेक पॉलिसींत ३० ते ६० दिवस घर रिकामे राहिले की संरक्षण आकसते. विक्रीवरील कराचा अंदाजही सही करण्यापूर्वी घ्यावा.

राहता राहिले तुमचे बंधू. त्यांना हे मिटवायचे आहे, ही इच्छा मला गैर वाटत नाही. तीन महिने त्या घरात जाऊन वडिलांच्या वस्तू उपसण्याचा त्रास ९ टक्क्यांपेक्षा मोठा आहे, असे एखाद्याला प्रामाणिकपणे वाटू शकते. पण मग तो निर्णय दोघांवर सारखा लादण्याचे कारण नाही. पाहणीचा अहवाल आल्यावर, तो दोघांनीही वाचून, त्यांचा अर्धा हिस्सा आजच्या देकाराप्रमाणे म्हणजे २०.५ ला तुम्ही घेऊ शकता. पुढचा नफा आणि तोटा दोन्ही तुमचे, आणि हे लेखी असावे. त्यासाठी आणीबाणीची शिल्लक मोडावी लागत असेल किंवा महाग कर्ज काढावे लागत असेल, तर हा मार्ग सोडा आणि त्यांच्याकडे फक्त तीन आठवडे मागा. पाहणी आणि तीन दर तेवढ्या वेळात होतात.