भाचा चीता उडवतो, काळजी वाटते

प्रश्न : माझा भाचा आर्मीत पायलट आहे, नाशिकला गांधीनगरला शिकला, आता चीता हेलिकॉप्टर उडवतो. ही हेलिकॉप्टर जुनी झालीत म्हणतात, मग ती सेफ आहेत का हो? बहिणीला झोप लागत नाही. – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ताई, काळजी वाटणारच. चीता म्हणजे फ्रान्सचं लामा, एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीने) लायसन्सवर बनवलेलं, डिझाइन १९६० च्या दशकातलं. पण मशीन दमदार बरं का, १९७२ मध्ये लामाने १२,४४२ मीटर उंची गाठून रेकॉर्ड केलं होतं आणि सियाचीनच्या चौक्यांना रसद पोचवणं, जखमींना खाली आणणं हे वर्षानुवर्षं यानेच केलंय.

अडचण अशी की इंजिन एकच. ते बंद पडलं की पायलट लगेच डाव्या हाताचा दांडा खाली करतो, खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरत राहतो आणि सपाट जागा मिळाली तर नीट उतरता येतं, पण अरुणाचलच्या दरीत सपाट जागा आणायची कुठून? त्यात ऑटोपायलट नाही, ढगात शिरलं की वर-खाली कळेनासं होतं. अरुणाचलमध्येच ऑक्टोबर २०२२ मध्ये तवांगजवळ आणि मार्च २०२३ मध्ये मंडालाजवळ चीताच पडले, त्यात अधिकारी गेले.

मेंटेनन्स कडक असतो, ठरलेल्या तासांनी पार्ट बदलतात, त्यामुळे जुनं म्हणजे मोडकं असं नाही. पण मेंटेनन्सने दुसरं इंजिन येत नाही! बदली म्हणून एचएएलचं नवं लाइट युटिलिटी हेलिकॉप्टर आहे, तेही एका इंजिनाचंच, पण कॉकपिट आजच्या काळातलं. ते खूप आधी यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.