मॉम जीन्स घातली की मी आणखीच जाड दिसते. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की मॉम जीन्स, म्हणजे उंच कंबरेची, मांडीला सैल जीन्स, कंबरेच्या मापाने घेतली तर मांडीत घट्ट होते आणि मांडीला बसेल अशी घेतली तर मागून कंबर उघडी पडते. माझंही अगदी हेच व्हायचं, म्हणून सांगते: मांडी आणि नितंबांना नीट बसेल तीच घ्या. कंबर टेलर आत घेऊ शकतो, मांडीत कापड वाढवता येत नाही. मी कितीतरी दिवस उलटं करत होते.

टेलरला सांगा, जीन्सची कंबरपट्टी मागे मधोमध उसवून मधली शिवण आत घे. इंच-दीड इंच सहज जातो. त्याहून जास्त घेतलं तर मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. पट्टा आवळून काम भागवू नका, मागे चुण्या पडतात आणि टॉपखाली तिथे उंचवटा दिसतो.

आता कंबरेच्या उंचीचं. आसनाच्या जोडापासून वरच्या बटणापर्यंत टेप लावा. साधारण १० इंच किंवा जास्त भरलं तर ती हाय वेस्ट, म्हणजे उंच कंबरेची. पण तुमचं धड आखूड असेल तर १२ इंचवाली थेट बरगड्यांना लागेल. ट्रायल रूममध्ये उभं राहून आरशात बघून भागत नाही. खाली बसा, बुटाची लेस बांधल्यासारखं वाका. बटण पोटात रुतलं तर ठेवून द्या परत. शुद्ध कॉटनची असेल तर सुरुवातीला थोडी घट्ट चालते, दोन-तीन तास वापरली की सैल पडते. एक-दोन टक्के इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) असेल तर मात्र पहिल्यापासूनच आरामशीर हवी.

जाड दिसण्याचं खरं कारण बहुतेक वेळा वरचा टॉप असतो. ही जीन्स मांडीला सैल आणि घोट्याकडे निमुळती, त्यावर लांब ढगळ टॉप सोडला की कंबर कुठे आहे तेच कळत नाही. टॉप खोचा. सगळा नको वाटत असेल तर फक्त पुढचा भाग बटणाजवळ खोचा, मागचा सोडून द्या.

नावावर जाऊ नका. २००३ साली अमेरिकेतल्या एका विनोदी टीव्ही कार्यक्रमात आयांच्या उंच कंबरेच्या जीन्सची टिंगल केली आणि ते नाव चिकटलं. लिव्हायसने १९३४ मध्ये बायकांसाठी पहिली जीन्स काढली तीही उंच कंबरेचीच होती.

लांबी घोट्याच्या हाडाशी संपावी. एक बारीक घडी चालेल, दोन जाड घड्या घातल्या की पाय तोकडे दिसतात. कापून घेणार असाल तर आधी धुवा. मी न धुता कापली, पहिल्याच धुण्यात ती चांगली बोटभर आटली आणि आता फक्त घरात घालते.