जुनी जिप्सी पावसाळ्यात सकाळी सुरू होत नाही, दुपारी ऊन पडलं की आपोआप होते, हे कशामुळे?

भाऊ, सगळ्यात आधी एक सांगतो, कार्ब्युरेटर बदलू नका. तुम्ही लिहिलंय की ९७ ची कार्ब्युरेटरवाली (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) मारुती जिप्सी आहे, धुळ्याजवळ शेतात उभी असते, उन्हाळ्यात अर्ध्या सेल्फला सुरू होते आणि मृग लागल्यापासून सकाळी सेल्फ फिरतो पण इंजिन पकडतच नाही, अकरा-बाराला ऊन पडलं की काही न करता सुरू. बॅटरी नवी टाकली, प्लग नवे टाकले, आणि आता मेकॅनिक कार्ब्युरेटर बदला म्हणतोय. अहो, कार्ब्युरेटर बिघडलेला असता तर तो दुपारच्या उन्हाने थोडाच नीट झाला असता. उन्हाने फक्त ओल वाळते. म्हणजे ओलीमुळे करंट कुठेतरी गळतोय, आणि तो कुठे गळतोय हे शोधणं एवढंच काम आहे, त्याला पैसे कमी आणि डोळे जास्त लागतात.

मी शहाद्याकडचा. माझ्याकडे पण हीच १.३ लिटरची गाडी आहे, बरीच वर्षं झाली, आणि मी पण तुमच्यासारखाच एक पूर्ण पावसाळा वाया घालवलाय. एकदा ऑगस्टमध्ये घरच्यांना घेऊन तोरणमाळला गेलो, रात्री यशवंत तलावाच्या बाजूला मुक्काम केला. ज्यांनी पावसाळ्यातलं तोरणमाळ बघितलंय त्यांना माहितीय, साडेतीन हजार फुटांच्या वर आहे ते, ढग अक्षरशः अंगावरून जातात, दहा पावलांवरचं दिसत नाही. सकाळी गाडी सुरूच होईना. मी सेल्फ मारत राहिलो, मारत राहिलो, शेवटी बॅटरी बसली. आई-वडील सोबत, लहान मुलं सोबत, खाली सातपायरीचा घाट. चहाच्या टपरीवर एक काळी-पिवळीवाला बसलेला होता, वयस्कर माणूस, तो उठून आला, बोनेट उघडलं, डेल्कोची (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप काढली, उलटी करून बघितली, आतून दव आल्यासारखी ओली होती. त्याने रुमालाने पुसली, टपरीच्या चुलीजवळ दोन-तीन मिनिटं शेकत धरली, कोरडी झाली तशी परत बसवली, त्याच्या गाडीच्या बॅटरीला जंपर लावला आणि पहिल्याच सेल्फला गाडी सुरू. मला म्हणाला, "भाऊ, गाडीनं काहीच बिघडेल नही, वायरी म्हताऱ्या व्हई गयात." त्याने चहाचे पैसे सुद्धा देऊ दिले नाहीत. त्याचं ते वाक्य मी आजपर्यंत विसरलो नाही कारण शंभर टक्के खरं निघालं.

आता हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढे कोणी काहीही बदलायला सांगितलं तरी तुम्ही फसणार नाही. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइल वाढवून पंधरा-वीस हजार व्होल्ट करते, तो करंट मधल्या जाड वायरने डेल्कोच्या कॅपमध्ये येतो, आत रोटर फिरतो आणि एकेका प्लगच्या वायरीला तो वाटून देतो. प्लगच्या टोकाला पाऊण एक मिलिमीटरची फट असते, तिच्यातून करंटला उडी मारायची असते. पण करंट हट्टी असतो, त्याला इंजिनच्या लोखंडापर्यंत जायचा दुसरा सोपा रस्ता दिसला की तो तिकडून जातो, प्लगपर्यंत जातच नाही. कोरडी धूळ करंट नेत नाही. ओली धूळ नेते. आणि आपल्या खानदेशात फेब्रुवारीपासून मेपर्यंत काळ्या मातीची जी बारीक धूळ उडते ती बोनेटच्या आत प्रत्येक वायरीवर, कॅपवर, कॉइलच्या तोंडावर पिठासारखी बसलेली असते. त्यात मे महिन्यात बाहेर ४४-४५ डिग्री, बोनेटमध्ये तर त्याहून कितीतरी जास्त, त्या उष्णतेने वायरीचं रबर कडक होतं, बारीक चिरा पडतात, प्लगवरच्या रबरी टोप्या फाटतात. चिरा कोरड्या असेपर्यंत काही कळत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की गाडी बंद पडते जुलैत पण ती खराब झालेली असते मे महिन्यातच. कोकणातल्या माणसाची गाडी वर्षभर ओल खाते म्हणून तो सावध असतो, आपण आठ महिने कोरडे राहतो आणि मग एकदम अडकतो.

त्यात सकाळी अजून एक गोष्ट होते. बॅटरी रात्रभर थंड असते आणि सेल्फ फिरताना ती खाली येते, चांगली बॅटरी सुद्धा १२.६ व्होल्टवरून साडेदहा-अकराला येते, म्हणजे नेमका ज्या वेळी जास्त करंट पाहिजे त्याच वेळी कॉइलला कमी मिळतो. थोडी गळती दुपारी चालून जाते, सकाळी नाही चालत.

गळती कुठेय हे शोधायची माझी पद्धत सांगतो, याच्याइतकी सोपी दुसरी नाही. रात्री पूर्ण अंधारात, शेडचे लाइट बंद करून, गाडी सुरू करा आणि बोनेट उघडा. साधी पाण्याची स्प्रे बाटली घ्या, इस्त्रीवाले वापरतात तसली, आणि अगदी बारीक फवारा एकेका जागी मारा, आधी कॉइलवर, मग मधल्या वायरीवर, मग कॅपवर, मग एकेका प्लगच्या वायरीवर. जिथे गळती असेल तिथे निळ्या ठिणग्या सरकताना दिसतील, टिक टिक आवाज येईल आणि इंजिन अडखळेल. माझ्या गाडीत तीन नंबरची वायर इंजिनच्या वरच्या झाकणाला घासत होती तिथून लख्ख निळं दिसलं, आणि कॅपवर पण एक केसाएवढी चीर होती जी दिवसा भिंग लावून सुद्धा सापडली नव्हती. हे करताना वायरीला हात लावायचा नाही, फॅन आणि बेल्टपासून लांब राहायचं, शर्टाची बाही किंवा गळ्यातला रुमाल लोंबकळत ठेवायचा नाही, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर हा उद्योग करायचाच नाही, आधी पेट्रोलची गळती बंद करा.

मग कॅप काढून बघा. दोन क्लिप किंवा स्क्रू असतात. वायरी काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर एकेक काढा एकेक लावा, या इंजिनची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम, १-३-४-२ आहे, एक जरी इकडची तिकडे झाली तर गाडी फटके मारेल आणि तुम्ही नवीनच रोगाच्या मागे लागाल. कॅपच्या आतून पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ एका पितळी टोकापासून दुसऱ्यापर्यंत दिसली तर ती कॅप संपली समजा, ती करंटने जाळून केलेली कार्बनची वाट असते, घासून तात्पुरती जाते पण परत येते. मधला कार्बनचा छोटा खिळा स्प्रिंगवर वरखाली होतोय का बघा, तुटलेला असतो बऱ्याचदा. रोटरचं टोक जळलेलं असेल तर तो पण बदला. पांढरा-हिरवा थर पितळी टोकांवर असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा. तुमच्या गाडीत कोणी जुनी पॉइंटवाली (आत करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट असलेली) डेल्को बसवलेली असेल तर पॉइंट ओले आणि काळे झालेत का तेही बघून घ्या.

सेट बदलायची वेळ आलीच तर कॅप, रोटर आणि वायरी एकदमच बदला आणि चांगल्या कंपनीचा घ्या. मी पहिल्यांदा स्वस्तातला सेट घेतला होता, दुकानदार म्हणाला सगळं सारखंच असतं, एका उन्हाळ्यात त्याच्या टोप्या फाटल्या. तेव्हापासून मी वायर घेताना ती बोटाने वाकवून बघतो, नवी वायर मऊ पाहिजे. टोप्यांच्या आत बोटभर सिलिकॉन ग्रीस लावा, पाणी आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी वायर ओढताना तुटत पण नाही. प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा, नवे प्लग आणलेत म्हणून ती बरोबरच असेल असं नाही, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा.

डब्ल्यूडी-४० या स्प्रेबद्दल तुम्ही विचारलंय. त्याचं नावच मुळी पाणी हटवायचं चाळिसावं मिश्रण असं आहे, त्यामुळे अडचणीत अडकलात तर जरूर मारा, कॅप पुसा, दोन मिनिटं उडून जाऊ द्या आणि मगच सेल्फ मारा कारण ते पेट घेतं. पण रोज सकाळी मारायची सवय लावू नका, त्याचा तेलकट थर राहतो आणि आपली काळी धूळ त्याच्यावर अशी चिकटते की पुढच्या पावसात दुप्पट त्रास. धूळ काढायची तर कोरड्या ब्रशने आणि कापडाने काढा. सर्व्हिसिंगला प्रेशरने इंजिन धुऊन देतात ते तर अजिबात करू देऊ नका.

बॅटरी नवी आहे म्हणून अर्थिंग चांगलं असेल असं धरू नका. बॅटरीकडून बॉडीला आणि इंजिनकडून बॉडीला जाणाऱ्या पट्ट्या खोला, खालचा गंज घासा, घट्ट करा, वरून ग्रीस. एक सोपी परीक्षा आहे. गाडी सेल्फला होत नाही पण सेकंड गिअरला ढकलून लगेच होते, तर दोष बॅटरी, सेल्फ किंवा अर्थिंगकडे आहे. ढकलून पण होत नसेल तर कॅप-वायरी-कॉइलकडे.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. आणि चोक ओढून सात-आठ वेळा मारला असेल तर प्लग पेट्रोलने भिजलेले असतात, मग कॅप कोरडी केली तरी गाडी होणार नाही आणि तुम्हाला वाटेल की कॅपचा दोष नव्हताच. तेव्हा चोक पूर्ण आत, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून धरायचा, पंप करायचा नाही, आणि सेल्फ मारायचा. नाहीच झाली तर प्लग काढून पुसा, वाळवा, गॅसवर लालभडक करू नका, त्याची चिनी माती तडकते.

पेट्रोलचं पण थोडं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. शेतावर गाडी पंधरा-पंधरा दिवस अर्ध्या टाकीवर उभी राहत असेल तर पावसाळ्यात टाकीतली हवा जितकी जास्त तितकी ओल जास्त, पाणी वाढलं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवा, नुसती जागेवर सुरू करून बंद करू नका, त्याने इंजिन पुरतं गरम होत नाही आणि उलट ओल धरते.

गाडी गोठ्याला लागून उभी करता असं तुम्ही लिहिलंय, ती जागा बदला. जनावरांच्या श्वासाची, शेणा-मुताची ओल रात्रभर असते, मी स्वतः सकाळी गोठ्याजवळच्या गाडीच्या बोनेटच्या आतून थेंब टपकताना बघितलेत. शिवाय पावसाळ्यात उंदीर बोनेटमध्ये येतात, वायरी कुरतडतात, ते पण बघा. बोनेटवर ताडपत्री टाका पण इंजिन गार झाल्यावर.

नाल्यातून जाणार असाल तर एक जुना उपाय, जाड रबरी हातमोजा घ्या, बोटांची टोकं कापा, चार बोटांतून चार वायरी आणि अंगठ्यातून मधली काढून तो कॅपवर ओढून बसवा, खालून उघडा ठेवा म्हणजे आत घाम धरत नाही. पाण्यात शिरायच्या आधी गाडीच्या पुढच्या जाळीच्या पुढे ताडपत्रीचा तुकडा बांधा, नाहीतर फॅन पाणी उचलून सरळ डेल्कोवर मारतो. आणि हे मनापासून सांगतो, पाण्यात गाडी बंद पडली आणि एअर फिल्टर ओला दिसला तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग पूर्ण इंजिन खोलावं लागतं. ओढून बाहेर काढा, चारही प्लग काढा, मग सेल्फ मारून पाणी बाहेर फेकू द्या.

मी आता दरवर्षी आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की मृगाच्या आत एक रविवार यासाठीच ठेवतो, कॅप, वायरी, अर्थिंग, धूळ, सगळं त्या एका दिवसात. त्यानंतर तोरणमाळला तीन पावसाळी मुक्काम झाले, धुक्यात रात्रभर उघड्यावर उभी होती तरी सकाळी दुसऱ्या सेल्फला सुरू.

कोणी डिझेल जीपवाला हे वाचत असेल तर त्याच्यासाठी यातलं कॅप-वायरींचं काहीच लागू नाही, त्याने हीटर प्लग, बॅटरी आणि डिझेल फिल्टरमधलं पाणी बघावं.

तुम्ही आज रात्रीच अंधारात स्प्रे मारून बघा भाऊ, आणि निळं कुठून दिसलं तेवढं मला कळवा. नवीन सेट आणायचा की नुसती एक वायर बदलून भागतंय ते मग सांगतो.